चौथा एक्स्टेंडर

आमच्या लातूरच्या घरात पुढच्या दाराने शिरलेला माणूस सरळ चालत राहिला तर मागच्या गल्लीत निघतो. पुढे बैठक, तिच्यामागे सासूसासऱ्यांची खोली, मग स्वयंपाकघर, मग उघडं अंगण, अंगणात पाण्याचा हौद, आणि हौदाच्या पलीकडे आमच्या लग्नाच्या वेळी बांधलेली आमची खोली. पुढचं सगळं घर सासऱ्यांनी भूकंपानंतर बांधलं. भूकंपाने इकडच्या माणसांना देवापेक्षा लोखंडावर जास्त विश्वास ठेवायला शिकवलं. मिस्त्रीने सांगितले त्याच्या दुप्पट गज सासऱ्यांनी स्वतः उन्हात उभं राहून घालून घेतले. घर इतकं भक्कम झालं, की भिंतीवर कॅलेंडर टांगायचं तर आधी दोन-तीन खिळे वाकडे करून घ्यावे लागतात.

अशा घरात राऊटर बसवला बैठकीत, आणि मी लॅपटॉप उघडून बसले मागच्या खोलीत. नेट काही येईना.

आमच्याकडे साधी हाकसुद्धा एका दमात मागे पोचत नाही. सासऱ्यांनी बैठकीतून मला हाक मारली, की सासूबाई स्वयंपाकघरात ती उचलतात आणि अंगणात तोंड काढून माझ्याकडे सोडतात. माझं उत्तर त्याच वाटेने परत जातं, आणि जाताना थोडं बदलतं. मी "पाच मिनिटांत आले" म्हटलं, तर बैठकीत "ती कामात हाय" एवढंच पोचतं. माणसाच्या आवाजाची ही गत, तर बिचाऱ्या नेटचं काय!

मी पुण्याच्या एका कंपनीत काम करते. नवरा औशाच्या शाळेत शिक्षक, रोज एसटीने जाऊन येऊन. लेक अजून बोबडं बोलणारी. घरून काम करायची सवलत मी बऱ्याच मिनतवाऱ्या करून मिळवली होती आणि ती जायची वेळ आली होती. मीटिंग ऐन रंगात आली की मी गायब व्हायची. शेवटी आमची मॅनेजर म्हणाली, "हे बघ, आता आणखी एकदा क्लायंटसमोर तुझं नेट गेलं, तर बॅग भर आणि सरळ ऑफिसात येऊन बस." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलली, म्हणून मी घाबरले. पुण्याला जायचं म्हणजे एक तर लेकीला नेऊन दिवसभर पाळणाघरात ठेवायचं, नाहीतर तिला इथे ठेवून फक्त शनिवार-रविवार तिची आई व्हायचं.

नांदेडला माझे वडील रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आता फोनवर सल्ले देण्याची नोकरी करतात. त्यांचा फोन आला.

"काय करायलीस?"

"नेट शोधतेय, बाबा."

"राऊटर कुठं हाय?"

"बैठकीत."

"मग बैठकीत बस की!"

"तिथं मामा बसतात, बाबा."

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. हे कारण मी इतक्या सहज सांगितलं, की जणू त्या जागी घराचा खांबच होता. विशेष म्हणजे बाबांनाही ते लगेच पटलं. आम्ही नांदेडला रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढलो. तिथे कोण कुठे बसतं याला काही कायदा नव्हता, जागा मिळेल तिथे बूड टेकायचं. तरीही बाबा म्हणाले, "हां, मग जमणार न्हाई," आणि हवापाण्याचं बोलायला लागले.

सासरे तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. ते निवृत्त झाले, पण लोकांनी त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. सातबाऱ्यावर नाव चढत नाही, फेरफार अडकलाय, वाटणीचा अर्ज कसा लिहायचा, असलं काहीही घेऊन खेड्यापाड्यातली माणसं सकाळपासून येतात. शिवाय त्यांचे दोन निवृत्त मित्र रोजचेच. एक मास्तर होते, दुसऱ्यांचं बियाण्याचं दुकान होतं, ते आता मुलगा बघतो. बैठकीत एक दिवाण आहे, तीन वेताच्या खुर्च्या आहेत, आणि आतल्या दाराला पडदा आहे. चहा झाला की सासूबाई पडद्याआड उभ्या राहून कपावर चमचा वाजवतात. मग मास्तर उठतात, पडद्याखालून आलेला ट्रे घेतात, पडदा परत सरळ होतो.

आता कुणी म्हणेल सासरे जुन्या वळणाचे. तसं मुळीच नाही. दर जयंतीला चौकात मुलींच्या शिक्षणावर त्यांचं भाषण असतं आणि ते अगदी मनापासूनचं असतं. सुनेने नोकरी सोडता कामा नये, हे या घरात सगळ्यात मोठ्या आवाजात तेच सांगतात. आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला सातबारा बघायच्या आधी माझी नोकरी ऐकावी लागते. नेटच्या कामातही सगळ्यात पुढे तेच होते. मला मागच्या खोलीत नेट मिळालं पाहिजे, यासाठी त्यांनी कंबर कसली.

नवऱ्याने गोलाईच्या बाजारातून पहिला एक्स्टेंडर आणला. भिंतीतल्या प्लगला लावायची, दोन कान असलेली पांढरी पेटी. तो सासऱ्यांना समजावून सांगायला बसला. इथेच पुढच्या सगळ्या घोटाळ्याची पायाभरणी झाली. तो म्हणाला, "अण्णा, ही पेटी म्हणजे असं समजा, लाइनीवर मधे नळ बसवला."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. पाणी ही त्यांची घरची विद्या. लातुरात नळाला पाणी कधी येईल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आलं की गल्लीच्या टोकापासून "आलं, आलं!" अशी आरोळी उठते आणि माणसं हातातलं टाकून धावतात. कोणती मोटार आधी लावायची, मागचा हौद भरताना मधले कोणते कॉक बंद करायचे, हे सासऱ्यांच्या बोटांत बसलेलं आहे. आता नेटही पाण्यासारखंच आहे म्हटल्यावर त्यांना कुणाला विचारायची गरज राहिली नाही.

"राऊटर वर न्या," त्यांनी फर्मान काढलं. "टाकी जेवढी उंच, तेवढं प्रेशर."

राऊटर दिवाणावरच्या फळीवर चढला. आणि एक्स्टेंडर गेला थेट माझ्या खोलीत. जिथे नेट अजिबात नव्हतं, नेमक्या तिथेच आम्ही तो लावला, कारण गरज तिथे होती ना! त्याचे दिवे झकास लागले. माझ्या फोनवर रेघाही भरगच्च आल्या. नेट मात्र आलं नाही. त्या बिचाऱ्याला स्वतःलाच मागून काही मिळत नव्हतं, तो मला कुठून देणार?

"मागं यायलंय का?" सासरे बैठकीतून ओरडले.

"यायलंय का गं?" सासूबाईंनी अंगणात सोडलं.

"दिवा आहे, नेट नाही!"

"दिवा लागलाय म्हणती!" पुढे एवढंच गेलं, आणि बैठकीत मित्रांनी सासऱ्यांचं अभिनंदन केलं.

गल्लीतल्या नेटवाल्याला बोलावलं. तो मागच्या दाराशी मोटारसायकलवरून खाली न उतरताच सासूबाईंना म्हणाला, "काकू, अजून दोन लावा, बिनधास्त चालंल," आणि दुसरीकडे निघून गेला. नवऱ्याने अजून दोन आणले.

दुसरा लावला स्वयंपाकघरात. तिथे प्लगची जागा एकच, आणि तिच्यावर मिक्सरचा पिढीजात हक्क. सासूबाईंना शेंगदाण्याची चटणी करायची झाली की एक्स्टेंडर निघायचा, मिक्सर लागायचा, आणि माझ्या स्क्रीनवर माणसं तोंड उघडी ठेवून गोठायची. चटणी उत्तम व्हायची यात वाद नाही. पण घरात चटणी आहे हे मला ताटाच्या आधी लॅपटॉपवर कळायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्या, ते काढत नका जाऊ हो!" तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग चटणी पाट्यावर वाटू व्हय? ये वाटायला." मी त्याच दिवशी एक्स्टेंशन बोर्ड मागवला.

तिसरा गेला सासूसासऱ्यांच्या खोलीत, कपाटावर. त्याच्या निळ्या दिव्याने सासऱ्यांची झोप उडाली. त्यांनी त्याला मफलर गुंडाळला. दुसऱ्या दिवशी मी मफलर काढला, त्यांनी परत गुंडाळला. शेवटी दिव्यापुरती चिकटपट्टी लावून तह झाला. तिघांना सासऱ्यांनी नावं दिली, पुढचा, मधला आणि मागचा. राऊटरकडून पुढचा घेणार, पुढच्याकडून मधला, मधल्याकडून मागचा. आमच्या हाका जातात तशीच ही सोय होती आणि खरंच चालली. नेट थोडं दमून पोचायचं, पण पोचायचं. मी आठवडाभर गायब न होता काम केलं आणि मॅनेजर चक्क हसून बोलली.

मग ती मोठी मीटिंग ठरली. क्लायंट, मॅनेजर, तिच्या वरचे साहेब, सगळे असणार होते आणि बोलायचं होतं मी. त्या दिवशी जेवताना मी सहज बोलून गेले की आज नेट टिकलं पाहिजे, नाहीतर माझं पुण्याचं तिकीट पक्कं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी नातीकडे पाहिलं. ती ताटात पापड बुडवून बघत होती.

"तू फिकर करू नको, बाई," ते म्हणाले. "आज मी बघतो."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

घरात पाणी येण्याच्या दिवसासारखी तयारी झाली. सासूबाईंचा फोन बंद. नातीचं कार्टून बंद, मग तिचं रडणं चालू, मग शेजारच्या काकूंनी तिला फिरायला नेलं. दोन्ही मित्रांना फोन बंद करून खिशात ठेवायला लावले. त्यांच्यासोबत औशाकडचा एक शेतकरी फेरफाराचा कागद घेऊन आला होता, त्याचाही फोन बंद करून घेतला. तो फोन बटणांचा होता.

मीटिंग सुरू झाली. मी छान बोलत होते. खरंच छान बोलत होते, हे मला ऐकू येत होतं. निम्म्यात आले आणि स्क्रीन थिजली. मॅनेजरचा हात हवेत, साहेबांचा एक डोळा मिटलेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"नेट गेलं!" मी ओरडले.

"नेट गेलं म्हणती!" सासूबाई.

आणि बैठकीतून सासऱ्यांचा आवाज आला. सासूबाईंनी उचलायच्या आधीच तो मला स्वच्छ ऐकू आला, इतका तो मोठा होता. "जाईल कसं? पुढचा आन् मधला दोन्ही आत्ताच बंद केलेत की मी! सगळं प्रेशर मागंच जायलंय!"

हौद भरताना मधले नळ बंद करतात, तसे त्यांनी मधले दोन्ही एक्स्टेंडर बंद केले होते. माझ्यासाठी. नातीसाठी. मला एका क्षणात सगळं कळलं आणि डोक्यात अशी तिडीक गेली की काही विचारू नका. ते परत चालू करून एकमेकांना सापडेपर्यंत माझी नोकरी गेली असती. मी लॅपटॉप उचलला आणि पळत सुटले.

वर इस्त्रीचा कुडता, खाली लेकीने वरणाचे हात पुसलेला पायजमा. हौद ओलांडला. स्वयंपाकघरात सासूबाई उलथनं घेऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. त्यांच्या खोलीतून मी पडद्यापर्यंत आले. त्या पडद्यापाशी या घरातली बाई थांबते. मीही रोज थांबत होते. त्या दिवशी मी तो डोक्याने बाजूला सारला, कारण हात रिकामे नव्हते.

आत चौघं चहा पीत होते. खुर्च्या भरलेल्या. मोकळी जागा फक्त दिवाणावर, सासऱ्यांच्या शेजारी, बरोबर राऊटरच्या खाली. मी तिथे मांडी घालून बसले. नेट असं आलं, की मागच्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. साहेबांचा डोळा उघडला, मॅनेजरचा हात खाली आला. मी "सॉरी" म्हणून पुढे बोलायला लागले.

बैठकीत कुणी हललं नाही. मास्तरांनी बशी ओठापर्यंत नेली होती, फुरका ऐकू जाईल या भीतीने ती त्यांनी तशीच धरून ठेवली. शेतकऱ्याने दबक्या आवाजात विचारलं, "कुणाशी बोलायलीत बाई?" सासरे म्हणाले, "श्श! साहेबाशी." मग क्लायंटने विचारलं की शेजारी दिसणारे गृहस्थ कोण. मी नीट पाहिलं, तर स्क्रीनमध्ये सासऱ्यांचा अर्धा चेहरा आणि अख्खा कान आलेला. मी सांगितलं, माझे सासरे. त्यांना तेवढा शब्द कळला. त्यांनी हात जोडले आणि मीटिंग संपेपर्यंत ते जोडलेलेच ठेवले.

मीटिंग संपली. मॅनेजरचा मेसेज आला, आजचं फार छान झालं, नेट असंच ठेव. मला रडू आलं, आणि ते मी त्या चार पुरुषांसमोर रडलेही. मास्तरांनी एकदाचा फुरका मारला.

मग राग आला. "मामा," मी म्हटलं, "हे पाणी नाही हो! मधला बंद केला की मागचा मरतो!" या खोलीत माझा आवाज असा कधी निघाला नव्हता.

"म्हंजे मीच तोडलं व्हय?" सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला, की माझा राग अर्ध्यातच फुकट गेला. मग त्यांना इलाज सुचला. "चौथा आणू. हौदापाशी बसवू. मग काय बी बंद करायचं काम न्हाई."

"चौथा कशाला?"

हे पडदा बोलला. पडद्यातून आजवर चमचा वाजला होता, ट्रे आला होता, पण स्वतःचं बोलणं कधी आलं नव्हतं. सगळ्यांनी तिकडे बघितलं.

"तिला तिथंच बसू द्या की," सासूबाई आडूनच म्हणाल्या. "नेट तिथं हाय, तर पोरीनं मागं कशापायी बसायचं?"

"अगं, इथं लोकं येतात."

"लोकास्नी काय नेट लागतंय? कागद तर अंगणात बी वाचता येतो."

बियाणेवाले बशीत बघायला लागले. मास्तर छताकडे. शेतकऱ्याचं या घराशी काही देणंघेणं नव्हतं, तो सरळपणे म्हणाला, "अंगणात बरंय की. हौद हाय, गार असंल."

सासऱ्यांनी वर राऊटरकडे पाहिलं. सुनेला नेट मिळावं म्हणून तीन पेट्या भिंतीभिंतीतून मागे नेल्या, लोखंडाशी भांडले, झोप मोडून घेतली. तिला इथे बोलावणं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं. मग ते उठले, चष्मा घेतला, पेपर घेतला, शेतकऱ्याचा कागद घेतला. "चला मागं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बैठकच पडद्याच्या आत गेली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने माझं टेबल पुढे आणलं. वेताच्या खुर्च्या हौदापाशी गेल्या. तिन्ही एक्स्टेंडर आता मित्रमंडळाच्या सेवेला आहेत. बियाणेवाले त्यावर जुन्या कव्वाल्या लावतात, मास्तर कुठल्या तरी परदेशातली शेती बघतात. "मागं येतंय का?" मी विचारलं, तर उत्तर आलं, "लई जोरात यायलंय!"

त्या दुपारी मी काम करत होते. पडदा हलला. सासूबाई गवारीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

ज्या घरात मी काल-परवा आले, त्या घरातल्या बाईने मला असं विचारलं. मी दिवाणाकडे हात केला.

त्या दिवाणाच्या कडेला बसल्या, अगदी टेकल्यासारख्या. थोडी गवार मोडली. मग जरा मागे सरकल्या. रस्त्याकडच्या खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि त्यांच्या कपाळावरचे केस उडाले. त्यांनी हात थांबवला.

"रोज झाडती मी ही खोली," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सात बसले कधी न्हाई. इथं एवढं वारं येतंय, हे मला ठावंच नव्हतं."

तेवढ्यात लांब मागून, हौदाच्या बाजूने, सासऱ्यांची चहासाठी हाक आली. स्वयंपाकघरात ती उचलायला आज कुणी नव्हतं, त्यामुळे बैठकीपर्यंत तिचा जेमतेम शेवट पोचला.

"कुणी काय म्हणलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"मला तर काही नाही आलं ऐकू," मी म्हटलं.

"मला बी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही पाय दिवाणावर घेऊन नीट बसल्या.